परदेशातल्या घराच्या चाव्या कशा ओळखाव्यात?

प्रश्न : मी मूळची नागपूरच्या धरमपेठेतली असून सध्या शिक्षणासाठी बर्लिनमधील एका जुन्या इमारतीत भाड्याने राहते. घराचा ताबा घेताना मला सहा चाव्यांचा जुडगा मिळाला. एका चावीला दोन्ही टोकांना सारखेच दाते आहेत; रात्री ती रस्त्याकडील दारात फिरवली की परत ओढून निघत नाही. दुसरी चपटी असून तिच्यावर दात्यांऐवजी खळगे आहेत. तिसरी लांब दांड्याची, जुन्या पद्धतीची आहे. चौथी लहान आणि पातळ आहे. पाचवा नुसता पितळी तुकडा आहे, त्याला चौकोनी भोक आहे. सहावी कुठेच लागत नाही. बाबा म्हणतात की दिवाळीला येशील तेव्हा इतवारीत सगळ्यांच्या डुप्लिकेट करून घेऊ. हे जमेल का? माझ्या मैत्रिणी लीड्स, हेलसिंकी आणि ओसाका येथे राहतात, त्यांच्याही चाव्या अशाच अनोळखी आहेत. सोबत जुडग्याचा फोटो पाठवत आहे.

उत्तर : सहापैकी पाच वस्तूंची ओळख तुमच्या वर्णनावरूनच पटते. रस्त्याकडील दाराच्या चावीत किंवा कुलपात कोणताही बिघाड नाही. ती चावी परत निघू नये, अशीच त्या कुलपाची रचना आहे. कृपया तिला पक्कड लावून ओढू नका.

इतवारीत कुलपांच्या दुरुस्तीचे काम करताना परदेशी राहणाऱ्या मुलामुलींच्या चाव्या माझ्यासमोर वरचेवर येतात. बहुतेक जण चावीचे डोके दाखवून ही कोणत्या कंपनीची आहे, असे विचारतात. डोक्यावरचे नाव पुष्कळदा केवळ कोरी चावी बनवणाऱ्या कारखान्याचे असते आणि त्यावरून आतील रचना कळत नाही. चावी ओळखायची असेल तर ती कुठे कापली आहे ते पाहावे, कारण तिच्यावरचा प्रत्येक काप किंवा खळगा कुलपातील एखादा अडथळा नेमक्या उंचीवर किंवा नेमक्या कोनात आणण्यासाठी केलेला असतो. पातळ चावीच्या कडेला करवतीसारखे दाते असतील तर आत स्प्रिंगवर बसलेल्या पिना किंवा पातळ पत्रे असतात. सपाट अंगावर खळगे असतील तर पिना त्या अंगावर टेकतात. गोल दांड्याच्या टोकाशी चपटा भाग असून त्यात खाचा असतील तर आत बहुधा लिव्हर, म्हणजे चावीने उचलल्या जाणाऱ्या पट्ट्या असतात. दुसरी पाहण्याची जागा म्हणजे दाराची उघडी कड. तिथून तिरका लॅच, म्हणजे दार ओढताच आपोआप बसणारी जीभ बाहेर येते, चौकोनी बोल्ट, म्हणजे चावीने सरकणारा अडसर येतो की दोन्ही येतात, चावी किती वेळा फिरते आणि कोणत्या स्थितीत बाहेर निघते, एवढे नीट पाहिले तर कंपनीचे नाव माहीत नसले तरी चालते.

आता दोन्ही टोकांना दाते असलेल्या चावीकडे वळतो. ही बर्लिनची खास चावी आहे. योहान श्वायगर या कुलूपकाराने ती शोधली आणि १९१२ पासून बर्लिनमध्येच तिचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झाले. अनेक भाडेकरूंच्या इमारतीचे मुख्य दार रात्री उघडे राहू नये, हा प्रश्न त्या काळी घरमालकांपुढे होता. त्यावर काढलेला तोडगा असा, की रात्री घरात शिरणाऱ्याने आतून दार कुलूपबंद केल्याशिवाय त्याची चावी त्याला परत मिळू नये.

ती वापरण्याची रीत सावकाश समजून घ्या. रात्री बाहेरून चावी घालून फिरवली की बोल्ट मागे सरकतो आणि दार उघडते, पण त्या स्थितीत चावी आल्या वाटेने मागे येत नाही. आता ती मागे ओढण्याऐवजी पुढे ढकलायची. चावी दाराच्या जाडीतून आरपार जाते आणि तिचे दुसरे टोक आतल्या बाजूला निघते. तुम्ही आत या, दार लावून घ्या, आतून तीच चावी फिरवून बोल्ट बाहेर काढा. बोल्ट पूर्ण बाहेर आला की चावी सहज हातात येते. रात्री बाहेर जाताना हाच क्रम उलट्या दिशेने करावा लागतो. दिवसा मात्र इमारतीचा व्यवस्थापक, ज्याला तिकडे हाउसमाइस्टर म्हणतात, आपल्या वेगळ्या चावीने कुलूप दिवसाच्या स्थितीत ठेवतो आणि मग भाडेकरूंच्या चावीने दार कुलूपबंद होतच नाही. म्हणूनच तुम्हाला अडचण फक्त रात्री येते. या चावीला वेगळी मूठ नाही, कारण मूठ असती तर ती भोकातून आरपार गेली नसती. एक टोक कुलपात असताना दुसरे टोकच मुठीचे काम करते. अशी कुलपे आता बर्लिनमध्येही फार कमी उरली आहेत. तुमच्या दारावर ते अजून चालू आहे हे वाचून मला मनापासून आनंद झाला. एकही तार किंवा सेल न वापरता केवळ लोखंडाच्या आकारातून माणसाला शिस्त लावणारे इतके नेटके काम मला दुसरे माहीत नाही.

खळग्यांची चपटी चावी तुमच्या फ्लॅटच्या दाराची आहे. अशी दोन्ही बाजूंनी चालणारी चावी स्वित्झर्लंडमधील काबा या कंपनीने १९३४ साली आणली. आज ती अनेक कंपन्या करतात. खळग्याच्या आत आणखी एक लहान खळगा दिसला तर आत पिनेमध्ये पिन बसवलेली असण्याची शक्यता असते. इस्राएलमध्ये १९७३ साली सुरू झालेली मल्टीलॉक ही कंपनी अशा रचनेसाठी ओळखली जाते. तुमच्या दारातील कुलपाचा भाग मात्र युरोपभर चालणारा ठरावीक आकाराचा सिलिंडर असणार, म्हणजे वरून गोल आणि खाली अरुंद पट्टी. दार उघडून त्याची कड पाहिली तर सिलिंडरच्या पातळीवर एकच स्क्रू दिसेल. संपूर्ण सिलिंडर त्या एका पाच मिलिमीटरच्या स्क्रूने धरलेला असतो. पुढेमागे तो बदलायचा झाल्यास त्या स्क्रूच्या मध्यापासून बाहेरच्या तोंडापर्यंत एक आणि आतल्या तोंडापर्यंत दुसरे अशी दोन मापे घ्यावी लागतात, उदाहरणार्थ ३० आणि ३५ मिलिमीटर. केवळ एकूण लांबी सांगून सिलिंडर मागवला तर तो एका बाजूने दाराबाहेर डोकावतो, आणि बाहेर आलेला सिलिंडर पकडून मोडणे चोराला सोपे जाते.

या दारापाशी आपल्याकडच्या सवयीचा घोटाळा होतो. नागपुरात आपण कडी लावतो, कोयंड्यात कुलूप अडकवतो आणि ओढून पाहतो. कुलूप लावणे हे आपल्या हाताने जाणीवपूर्वक केलेले काम असते. तिथे दार नुसते ओढले की लॅच आपोआप बसतो, आणि बाहेरच्या बाजूला फिरणाऱ्या हँडलऐवजी न फिरणारी मूठ असते. कचरा टाकायला दोन मिनिटे बाहेर आलेला माणूस चावी आत राहिल्यामुळे जिन्यात अडकतो, तो यामुळेच. उलट बाजूने, दार नुसते ओढून सहलीला गेलात तर ते बंद आहे पण कुलूपबंद नाही. चावी दोन वेळा फिरवून चौकोनी बोल्ट बाहेर काढला तरच ते कुलूपबंद होते.

आणखी एक गोष्ट आजच तपासून घ्या. दार उघडे ठेवून आतल्या बाजूने एक चावी सिलिंडरमध्ये घालून ठेवा आणि बाहेरच्या बाजूने दुसरी चावी घालून फिरवून पाहा. काही सिलिंडरांत ती फिरते. साध्या सिलिंडरांत फिरत नाही. तुमचा सिलिंडर साधा निघाला तर आतून चावी लावून ठेवायची सवय मोडावी लागेल, अन्यथा आत कोणी आजारी पडले असता बाहेरच्या माणसाकडे चावी असूनही तिचा उपयोग होणार नाही.

समजा तरीही बाहेर अडकलात, तर कुलूपवाल्याला बोलावण्यापूर्वी फोनवरच त्याला दोन गोष्टी स्पष्ट सांगा. दार केवळ ओढलेले आहे की चावी फिरवून बंद केलेले आहे, ही पहिली. येण्याजाण्याचा खर्च आणि कर धरून एकूण किती पैसे होतील ते त्याने आधी सांगावे, ही दुसरी. केवळ ओढलेले दार अनुभवी माणूस बहुधा सिलिंडरला धक्काही न लावता उघडतो. अशा दाराशी येऊन कोणी पहिल्याच मिनिटाला ड्रिल हातात घेतले तर त्याला थांबवावे. संकटात सापडलेल्या माणसाकडून अवाच्या सवा पैसे उकळणारे लोक त्या धंद्यात तिकडे आहेत आणि जर्मनीतील ग्राहक संघटना त्यांच्याबद्दल सातत्याने सावध करत असतात. शेजारच्या भरवशाच्या घरी एक चावी ठेवणे हा याहून स्वस्त उपाय आहे.

लांब दांड्याची जुनी चावी तळघरातील तुमच्या कोठीची किंवा घरातील एखाद्या खोलीची असावी. जर्मन घरांतील आतल्या दारांना पुष्कळदा असे कुलूप असते, ज्यात चावीच्या टोकाच्या चपट्या भागाचा वेडावाकडा आकार भोकाच्या आकाराशी जुळला की झाले. अशा चाव्यांचे आकार मोजकेच असल्यामुळे एकाच चावीने अनेक दारे उघडू शकतात. खोलीचा आडोसा म्हणून हे कुलूप ठीक आहे. तळघरात मौल्यवान सामान ठेवायचे असेल तर त्याच्या भरवशावर राहू नका.

लहान पातळ चावी पत्रपेटीची आहे. पितळी तुकडा कुलपाची चावी नाही, तो खोली गरम करणाऱ्या रेडिएटरची हवा काढण्याचा पाना आहे आणि त्याचे चौकोनी भोक साधारण पाच मिलिमीटरचे असते. थंडी सुरू झाल्यावर रेडिएटर खालून गरम आणि वरून गार राहू लागला किंवा आतून गुळगुळ आवाज आला तर आत हवा साचली आहे असे समजावे. वरच्या कोपऱ्यातील चौकोनी टोकावर पाना बसवून, खाली वाटी धरून, अर्धा फेरा फिरवला की हवा फुसफुसत निघते. पाणी येऊ लागताच बंद करावे. पाणी कढत असू शकते, म्हणून त्यापूर्वी रेडिएटर बंद करून थोडा निवू द्यावा आणि हाउसमाइस्टरला कल्पना द्यावी, कारण संपूर्ण इमारतीची गरम पाण्याची व्यवस्था एकच असू शकते.

आता वडिलांच्या सूचनेविषयी. त्यांचा हेतू काटकसरीचा आहे आणि तो मला समजतो, तरीही मी त्या चाव्यांना हात लावणार नाही आणि दुसऱ्या कोणाकडूनही त्या करून घेऊ नका असे सांगेन. खळग्यांची चावी कापणारी मशीन मिळतात. अडचण त्यांची नाही. जर्मनीतील भाड्याच्या इमारतीत पुष्कळदा सर्व कुलपे एका योजनेत बांधलेली असतात, म्हणजे भाडेकरूची एकच चावी मुख्य दार, त्याचे दार आणि सायकलींची खोली उघडते, शेजाऱ्याचे दार मात्र उघडत नाही. अशा योजनेच्या चावीचे सुरक्षा कार्ड मालकाकडे असते आणि ते दाखवल्याशिवाय अधिकृत डुप्लिकेट होत नाही. चावीच्या अंगावर लांबीने गेलेल्या पन्हळीचा आकारही पुष्कळदा नोंदणीकृत असतो, त्यामुळे तशी कोरी चावी बाजारात सहज येत नाही. मिळत्याजुळत्या कोऱ्या चावीवर कापलेली नक्कल काही दिवस चालते, मग एखाद्या संध्याकाळी सिलिंडरमध्ये अडकते किंवा मोडते. खळग्याच्या खोलीत मिलिमीटरच्या दहाव्या भागाचा फरकही पिनेला अडवायला पुरेसा असतो. जास्तीची चावी हवी असेल तर मालकाला लेखी विचारा. चावी हरवलीच तर लगेच कळवा. संपूर्ण योजना बदलण्याचा खर्च भाडेकरूकडे मागितला जाण्याची भीती असते. परंतु जर्मनीच्या संघीय न्यायालयाने २०१४ साली असे ठरवले आहे की कुलपे प्रत्यक्ष बदलली तरच ती भरपाई मागता येते, केवळ बदलावी लागतील म्हणून नाही. तुम्ही तिथे दायित्वाचा विमा, म्हणजे आपल्या हातून दुसऱ्याचे नुकसान झाल्यास भरपाई देणारा विमा घेतला असेल तर भाड्याच्या घराची चावी हरवणे त्यात धरले आहे का, ते कागदपत्रांत पाहून घ्या.

मैत्रिणींच्या चाव्यांबद्दल त्यांच्या शहरांवरून सांगता येईल तेवढे सांगतो. लीड्समधील घराला प्लास्टिकच्या चौकटीचे दार असेल तर तिने हे लक्षात ठेवावे की दार लावल्यावर हँडल आधी वर उचलायचे आणि मगच चावी फिरवायची. हँडल उचलल्यावर दाराच्या कडेने वर, मध्ये आणि खाली असे अनेक आकडे चौकटीत शिरतात. न उचलता चावीवर जोर दिला तर आतील यंत्रणा तुटू शकते. लाकडी दार असेल तर तिला बहुधा दोन चाव्या मिळाल्या असतील. पातळ दात्यांच्या चावीला तिकडचे लोक कंपनी कोणतीही असली तरी येल म्हणतात, आणि गोल दांड्याच्या चावीला चब. घरमालक रात्री चब लावा म्हणाला तर त्याला पाच लिव्हरच्या कुलपाचा चौकोनी बोल्ट अभिप्रेत असतो. दाराच्या कडेवरील पट्टीवर बीएस ३६२१ असा ब्रिटिश मानकाचा शिक्का आहे का, ते तिने पाहावे. घरातील सामानाचा विमा देणाऱ्या अनेक कंपन्या त्याची चौकशी करतात.

हे लिव्हरचे कुलूप आपल्याला परके नाही. रॉबर्ट बॅरनने १७७८ साली इंग्लंडमध्ये जे तत्त्व मांडले, की प्रत्येक लिव्हर ठरलेल्या उंचीवर यावा, कमी नको आणि जास्तही नको, त्याच तत्त्वावर आपल्या घरचे लिव्हरचे गोदरेज किंवा अलिगढचे कुलूप चालते. म्हणून आपल्या माणसाला चब चावी चटकन उमगते. जेरेमाया चबने १८१८ साली त्यात भर घातली ती अशी, की चुकीच्या चावीने एखादा लिव्हर जास्त उचलला गेला तर कुलूप तिथेच अडकते आणि मालकाला कोणीतरी प्रयत्न केल्याचे कळते.

हेलसिंकीतील चावी सर्वांत वेगळी वाटली असणार. तिचा छेद अर्धगोल असतो आणि काप उभे नसून वेगवेगळ्या कोनांत तिरपे असतात. ही अब्लॉयची चावी. एमिल हेन्रिक्सन या फिनलंडच्या कारागिराने १९०७ साली ही रचना शोधली. आत पिना नाहीत आणि स्प्रिंगही नाहीत. एकामागे एक लावलेल्या चकत्या आहेत. चावीचा प्रत्येक तिरपा काप आपापली चकती ठरलेल्या कोनात फिरवतो, सर्व चकत्यांच्या खाचा एका रेषेत येतात, त्या खाचेत एक बारीक दांडी उतरते आणि मग सिलिंडर फिरतो. गोठून किंवा धुळीने अडकायला स्प्रिंगच नसल्यामुळे उत्तरेकडील थंडीत हे कुलूप फार भरवशाचे ठरले. तिने एवढेच करावे की चावी पूर्ण मूळ स्थितीत आणूनच बाहेर काढावी. अर्ध्या वाटेत ओढू नये.

ओसाकातील मैत्रिणीला दोन गोष्टी सांगा. जपानी चाव्यांवर पुष्कळदा एक क्रमांक कोरलेला असतो. त्या क्रमांकावरून चावी न पाहताही डुप्लिकेट मागवता येते, म्हणून तो क्रमांक कोणाला दिसू देऊ नये. आणि कुलपांच्या आवडीपोटी ती उघडण्याच्या सळया घेऊन कोणी फिरू नये, कारण योग्य व्यावसायिक कारणाशिवाय अशी विशेष हत्यारे बाळगण्यास जपानमध्ये २००३ च्या कायद्याने बंदी आहे.

यावरून तुमच्या फोटोकडे येतो. कृपया तो मित्रमंडळींच्या ग्रुपवर टाकला असेल तर काढून टाका. सरळ समोरून घेतलेल्या स्पष्ट फोटोवरून दात्यांची उंची मोजता येते आणि तेवढ्यावरून चावी कापता येते. मी तो पाहिला आणि लगेच पुसला. पुढे कधी विचारायचे झाल्यास कुलपाच्या तोंडाचा आणि दाराच्या कडेचा फोटो पाठवा, चावीचे केवळ वर्णन लिहा आणि फोटोत इमारतीचा पत्ता किंवा पाटी येऊ देऊ नका.

सहावी चावी राहिली. ती सायकलींच्या खोलीची, अंगणाच्या फाटकाची किंवा आधीच्या भाडेकरूने मागे ठेवलेली असू शकते. ती अनोळखी दारांत घालून पाहत फिरू नका. शेजाऱ्यांचा गैरसमज होईल. घराचा ताबा घेताना सही केलेल्या यादीत चाव्यांची संख्या लिहिलेली असते, ती काढून तिच्यात पितळी पाना सोडून पाच लिहिले आहे की चार, ते पाहा. पाच असेल तर हाउसमाइस्टरला दाखवून तिचे दार विचारून घ्या आणि घर सोडेपर्यंत ती जपून ठेवा. चार असेल तर ती घरमालकाकडे देऊन मिळाल्याची पावती घ्या.